वेलीचा चीक

चिकपेटेतल्या दुकानात पांढऱ्या गादीवर बसून क्षमानं साडीचा पदर चिमटीत धरला, आणि तिच्या बोटांना काहीच लागलं नाही. दुकानदार दोन साड्या पुढे सरकवून "हिडदु नोडी, अम्मा", हातात धरून बघा, म्हणत होता. हात लावला की अस्सल रेशीम कुठलं आणि बनावट कुठलं ते आपोआप कळतं, असं त्याचं म्हणणं. आईनं दोन्हींवरून हात फिरवून मनाशी केव्हाच ठरवलं होतं. "तू बघ," ती क्षमाला म्हणाली, "लग्न तुझ्या मावसबहिणीचं आहे, तुझ्या पसंतीची घेऊ." क्षमानं एक पदर अंगठ्यानं चोळला, मग दुसरा. रंग दिसत होते, जर दिसत होती, कापडाचं वजनही मनगटाला कळत होतं. पण बोटांच्या टोकांशी सगळं थांबत होतं. तिनं अंदाजानं डावीकडची साडी उचलली. दुकानदार हसला नाही, उलट जास्तच अदबीनं दुसरी साडी पुढे करत म्हणाला, "स्वल्प उजेडात बघा." आईनं साडीकडे न बघता क्षमाच्या बोटांकडे बघितलं. टोकांची कातडी गुलाबी, गुळगुळीत, लहान मुलाच्या ओठासारखी झाली होती. बोटांवरच्या रेघा कुठे गेल्या, हे क्षमालाही त्या क्षणीच जाणवलं. ती हात मिटून बसली. बाहेर हमाल ओरडत होते, कापडाच्या गाठी डोक्यावरून जात होत्या, आणि अशा गर्दीत, आईला खेटून बसलेली असताना तिला एकाएकी वाटलं, की आपण एका काचेच्या आत आहोत आणि ती काच नेमकी आपल्या बोटांच्या टोकांपासून सुरू होते.

घरी परतताना चामराजपेटेत बसमधून उतरल्यावर आई एवढंच म्हणाली, "लोणी लावून बघ." लोण्याचा काही उपयोग नव्हता हे क्षमाला ठाऊक होतं. पपईचा, उंबराचा, रुईचा चीक गेली कित्येक वर्षं तिच्या बोटांवरून ओघळत होता. चिकात मांस पचवणारं द्रव्य असतं. दूध त्यानं फाटतं, शिजायला जड मांस मऊ पडतं, आणि ज्या हातांनी तो रोज गोळा करावा त्या हातांची कातडीही ते थोडी थोडी खात राहतं. रबराचे मोजे घातले की काचेच्या बारीक नळ्या हाताळता येत नसत, म्हणून तिनं ते कधीच सोडले होते. दुखायचं तेव्हा दुखलं. मग दुखणं थांबलं, आणि ते थांबल्याचं तिला बरंच वाटलं होतं. दुखण्याबरोबर आणखीही काही निघून गेलं असेल, हे तिच्या मनात आलं नव्हतं.

काम भीमाचार्यांचं होतं. कॉलेजात ते तिचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, ती एम.एस्सी.ला असताना वडील गेले तेव्हा दहाव्या दिवशी घरी येऊन ते आईला म्हणाले होते, "हिचं शिक्षण थांबवू नका, पुढचं मी बघतो." आणि त्यांनी बघितलं होतं. निवृत्त झाल्यावर बसवनगुडीतल्या घराच्या मागच्या खोलीत त्यांनी प्रयोगशाळा मांडली, सरकारी अनुदान मिळवलं आणि क्षमाला मदतनीस म्हणून घेतलं. त्यांची कल्पना साधी होती, आणि ती सांगताना त्यांचा चेहरा उजळत असे. झाडांची कुळं आपण फुलांवरून ठरवतो. पण फूल माशीसाठी, वाऱ्यासाठी रूप बदलतं. शिरांमधून वाहणारा चीक इतक्या सहज बदलत नसावा. तेव्हा कुठल्या झाडाचा चीक प्रथिनं पचवतो, कुठल्याचा पचवत नाही आणि किती जोरानं पचवतो, हे शेकडो झाडांचं नीट मांडलं, तर जी नाती फुलांनी लपवली ती चिकानं उघडी पडतील. पहिल्या दिवशी त्यांनी तिच्यासमोर वाटीभर कोमट दुधात रुईच्या चिकाचा थेंब टाकला. दूध थोडा वेळ तसंच राहिलं आणि मग आतल्या आत थबकल्यासारखं घट्ट झालं. त्या वेळी तिला झालेला आनंद खरा होता. नंतरच्या वर्षांत ती पुष्कळदा त्या आनंदाची आठवण काढून बघे, आणि तो अजून जागेवर आहे एवढी खात्री करून पुन्हा ठेवून देई.

दुधापेक्षा फिल्मवरची परीक्षा जास्त नेमकी. दवाखान्यातून टाकून दिलेली क्ष-किरणांची जुनी छायाचित्रं येत. त्यांच्यावरचा काळा थर जिलेटिनचा, म्हणजे प्रथिनाचाच. एका बाजूचा थर खरवडून काढायचा, पट्ट्या कापायच्या, दुसऱ्या बाजूवर पातळ केलेल्या चिकाचा थेंब ठेवायचा, ऊब द्यायची आणि नळाखाली धरायचं. चिकात ताकद असली तर थेंबाखालचा थर सुटून वाहून जाई आणि तिथे स्वच्छ, आरपार गोल उरे. ताकद नसली तर पट्टी होती तशीच काळी. क्षमा खिडकीशी पट्टी धरून बघे. तिच्यात कुणाच्या तरी बरगड्या असत, कुणाची फुप्फुसं, कुण्या बाईच्या गळ्यातल्या मण्यांची विसरून राहिलेली सावली. आणि त्यांच्यामधोमध उंबराच्या चिकानं पाडलेला उजेडाचा गोल. ही माणसं बरी झाली असतील का, असं पूर्वी मनात येई. आता ती फक्त गोल बघत असे.

आचार्यांना गोल दिसत नसत. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात आत आणली होती आणि या दोन वर्षांत उरलासुरला उजेडही गेला होता. पण बोटं विलक्षण तल्लख झाली होती. पट्टी वाळली की ते तिच्यावरून तर्जनी फिरवत, थर संपून खालचं गुळगुळीत लागलं की थांबत, आणि कडेवरून चीक कुठला तेसुद्धा सांगत. रुईची कड फाटकी, पपईची चाकूनं कापल्यासारखी. ते बोटांनी बघायचे, ती डोळ्यांनी, आणि दोघांचं जुळलं की ती लिहून घ्यायची. कधीकधी तिला वाटे की दोघं मिळून एकच माणूस झालेलो आहोत, आणि मग तिला श्वास घ्यायला बाहेर अंगणात जावंसं वाटे.

अंगणात ती वेल होती. आगुंब्याच्या जंगलात, क्षमा विद्यार्थिनी असताना, सगळ्यांच्या पायांना जळवा लागलेल्या असताना आचार्यांना ती सापडली होती. तिचं फूल धड कण्हेरीच्या कुळातलं नव्हतं, धड रुईच्या. आचार्यांनी ते इतकं डोळ्यांजवळ धरलं होतं की मुलींना हसू आलं. फुलावर किती जीव आहे सरांचा, असं त्या वेळी क्षमाला वाटलं होतं. फार नंतर तिला कळलं, की दुरून त्यांना ते दिसतच नसणार. नीट बघितलेलं शेवटचं नवं झाड तेच. फांद्या आणून त्यांनी अंगणात लावल्या, त्या जगल्या, मांडवावर चढल्या. वेलीचा चीक रुईसारखा पचवणारा निघाला तर ती रुईच्या गोतातली ठरेल, नव्या जातीचा निबंध पुरा होईल आणि सगळ्या कामाला शिखर चढेल, अशी त्यांची मांडणी होती. पहिल्यांदा क्षमानं थेंब ठेवला आणि पट्टी काळीच राहिली. "नाही, सर," ती म्हणाली. "पावसाळ्यातला चीक पातळ असतो," आचार्य म्हणाले, "हिवाळ्यात बघू." हिवाळ्यातही नाही. मग कोवळ्या पानांचा. मग खोडाचा, मग फळाच्या देठाचा. प्रत्येक शंका शास्त्राला धरूनच होती, हेच वाईट होतं. एकीलाही ती हट्ट म्हणू शकत नव्हती. ती रोज "नाही" म्हणे, ते रोज "बरं" म्हणत आणि दुसऱ्या दिवशीचं काम सांगत. कशातून सुटायचं हेच जिथे धड दिसत नाही तिथून सुटणार कसं, असं तिला चालताना, जेवताना, बसच्या रांगेत वाटू लागलं.

त्यात धारवाडचं निघालं. बसवंतराव हे आचार्यांचे जुने विद्यार्थी, बेळगावाकडचे, धारवाडच्या एका कॉलेजात विभागप्रमुख. एका परिषदेत त्यांनी क्षमाचं टिपण ऐकलं आणि सरळ विचारलं, "आमच्याकडं शिकवायला येता का? जूनमध्ये जागा भरायची हाय." तिनं विचार करते म्हणून सांगितलं. आईला ती बोललीच नाही. आई एकटी कशी राहील, हा प्रश्न तिनं आईच्या वतीनं स्वतःच सोडवून ठेवला होता: आई नाहीच म्हणेल. आचार्यांना मात्र सांगावं लागलं. ते आनंदले. "जायलाच हवं," ते म्हणाले. "एवढं वेलीचं संपू दे." त्या दिवशी निघताना त्यांच्या पत्नी, प्रेमाक्का, फाटकापर्यंत आल्या. त्या कधी प्रयोगाविषयी बोलत नसत. "क्षमा," त्या फाटकाची कडी हातात धरून म्हणाल्या, "एकदा हो म्हणून टाक गं. त्यांना काय दिसतंय? तू सुटशील, तेही सुटतील." क्षमानं मान हलवली, ती हो की नाही हे तिलाच कळलं नाही. एक शब्द तर म्हणायचा. पण तो म्हटला की तो छापला जाईल, दूरदेशी कुणी त्याच्यावर विसंबून दुसऱ्या एखाद्या वेलीचं नातं ठरवील, आणि आपण धारवाडला फळ्यापुढे उभं राहून पोरींना शिकवू, की डोळ्यांना दिसेल तेच लिहा. नाही म्हणत राहिलं तर इथेच. खरं बोलणं हीच भिंत व्हावी, असं कसं झालं?

चिकपेटेतल्या त्या दुकानानंतर आठवडा गेला असेल. तिनं खोडाच्या जुन्या भागाचा चीक तपासला आणि पट्टी वाळवून आचार्यांच्या हातात दिली. "नाही, सर." त्यांनी तर्जनी फिरवली, परत फिरवली, आणि म्हणाले, "आहे की." ती त्यांच्याकडे बघत राहिली. "इथे. बारीक आहे, पण खळगा आहे. तू हात लावून बघ." त्यांनी तिचं बोट धरून पट्टीवर ठेवलं. तिला अर्थातच काही लागलं नाही; तिला आता रेशीमही लागत नव्हतं. डोळ्यांना पट्टी कोरी दिसत होती. पण आंधळ्या माणसाच्या बोटाला खोटं कोण म्हणणार, आणि तेही अशा बोटानं की जे स्वतः बधिर आहे? "उद्या पुन्हा बघू," आचार्य शांतपणे म्हणाले. तिला त्यांच्या बोटाचा एक थांबा दिसला होता. नको त्या ठिकाणी, जरा उशिरा आलेला थांबा. तो दिसल्याचं तिनं स्वतःलाही कळू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसवंतराव आले. सासुरवाडीला आले होते, रात्रीच्या गाडीनं परत जाणार होते, आणि क्षमाचं उत्तर त्यांना आजच हवं होतं. क्षमा अंगणात मांडवाखाली पान खुडून देठाशी काचेची नळी धरून उभी होती. पांढरा थेंब फुगत होता. खिडकीतून आतलं सगळं ऐकू येत होतं. "वेलीचं संपलं की येईल ती," आचार्य सांगत होते. "तरी पण कधी, सर? कमिटीला सांगायचं हाय मला." "संपत आलंय." मग आचार्यांचा आवाज एकदम तरुण झाला. "तुला गंमत दाखवतो. त्या दोरीवरच्या पट्ट्या दे एकेक. न सांगता दे." क्षमाला हसू आलं. त्यांना हा खेळ फार आवडे. "ही रुई," आचार्य म्हणाले. "बरोबर, सर!" "ही पपई... हा उंबर, आणि थेंब जास्त वेळ ठेवलाय." "वा!" मग आचार्य म्हणाले, "ही कोरी आहे. क्षमानं हिच्यावर थेंब टाकलेलाच नाही अजून."

"नाही सर," बसवंतराव भोळेपणानं म्हणाले, "हिच्यावर पेन्सिलीनं लिवलंय की. वेल, जुनं खोड. कालची तारीख हाय."

नळीतला थेंब ओघळून क्षमाच्या अंगठ्यावर आला. मग आचार्यांचा आवाज आला, सावकाश, नेहमीपेक्षा खालच्या पट्टीतला. "असं होय? थांब. हो, आहे इथे. बारीक आहे." बसवंतराव पट्टी घेऊन खिडकीशी आले, उजेडात धरली आणि खिडकीबाहेर उभ्या असलेल्या क्षमाशी त्यांची नजरानजर झाली. "असंल," ते पुटपुटले.

ती आत कशी आली हे तिला नंतर आठवेना. हातात नळी तशीच होती. "सर, तिथे काही नाही," ती म्हणाली. "कालही नव्हतं. काल तुमच्या बोटालाही काही लागलं नव्हतं."

"काल तू थकलेली दिसत होतीस," आचार्य म्हणाले.

"तुम्हाला दिसत नाही, सर."

हे वाक्य आपण बोललो असं तिला वाटलंच नाही. ते खोलीतच कुठे तरी ठेवलेलं होतं आणि आता खाली पडलं होतं. दारात प्रेमाक्का कॉफीचे पेले घेऊन उभ्या होत्या, त्या तिथेच थांबल्या. बसवंतरावांनी पट्टी टेबलावर ठेवायला नको तेवढा वेळ लावला. आचार्यांनी चेहरा तिच्या आवाजाच्या दिशेला वळवला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणी तरी दार ढकललं आणि आत बसलेला माणूस नीट सावरूनही बसला नव्हता, तसं काहीसं होतं.

"नाही दिसत," ते म्हणाले. "म्हणून तर."

तिला सगळं एकदम कळलं, आणि कळल्याबरोबर तिला राग आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, स्वच्छ, गरम. पावसाळ्यातला पातळ चीक, कोवळी पानं, फळाचा देठ. रोजचं "बरं". तिच्या "नाही"ची त्यांना कधीच शंका आली नव्हती. ती "नाही" म्हणत होती म्हणूनच दुसऱ्या दिवशी येत होती. फाटक वाजत होतं, नळ सुरू होत होता, कुणी तरी खिडकीशी उभं राहून जग कसं दिसतं ते सांगत होतं. ती "हो" म्हणत नव्हती तोवर सगळं ठीक होतं. मग धारवाडचं निघालं, आणि नुसतं "नाही" पुरेना, तेव्हा दोघांचं जुळूच नये म्हणून त्यांनी बोटालाही खोटं बोलायला लावलं. ज्या बोटावर त्यांचं सगळं उरलं होतं त्या बोटाला. राग तिथपर्यंत गेला आणि थबकला. कारण कालचा तो थांबा तिनं बघितला होता. बघितला होता, आणि आपल्या खोलीत जाऊन निवांत झोपली होती. उद्या पुन्हा हेच काम आहे, कुठे जायचं नाही, कुणाला काही सांगायचं नाही, या विचारानं तिला झोप लागली होती.

"बसवंतराव," ती म्हणाली, "जूनपासूनच ना? सरी, चालेल. मी येते. कमिटीला सांगा."

बसवंतरावांनी आचार्यांकडे बघितलं, मग मान डोलावली. प्रेमाक्कांनी पेले ठेवले आणि क्षमाच्या हातातली नळी काढून घेऊन मोरीत ठेवली. आचार्य बराच वेळ खुर्चीच्या हातावरून हात फिरवत राहिले. "वेलीचं काय लिहिणार आहेस?" त्यांनी विचारलं. "दिसलं ते," ती म्हणाली. "मग घे लिहून." आणि त्यांनी वर्गातल्या त्या जुन्या आवाजात, एकदाही न अडखळता सांगितलं: सर्व ऋतूंत, सर्व अवयवांत तपासूनही या वेलीच्या चिकात प्रथिनं पचवणारं द्रव्य आढळत नाही, एवढ्या एका अभावावरून कुळ ठरत नाही, तथापि ती रुईच्या गोतातली आहे, हे प्रस्तुत लेखकाचं पूर्वीचं मत तो मागे घेत आहे. "मागे घेत आहे," त्यांनी पुन्हा म्हटलं, ती लिहीत नाही असं वाटून. ती लिहीत होती. अक्षरं वाकडी येत होती. तिला वाटलं, आपण काही तरी बोलावं, त्यांच्या हातावर हात ठेवावा. पण तिच्या अंगठ्यावर चीक होता, आणि बोलण्यासारखं जे होतं ते बोलून झालं होतं. निघताना तिनं नमस्कार केला. आचार्यांनी तिच्या डोक्यावर ठेवलेला हात जरा जास्त वेळ तिथेच राहिला, मग त्यांनीच तो उचलला.

घरी आली तेव्हा ऊन कलत होतं. आई गच्चीवर वाळत घातलेले सांडगे धोतरावरून सोडवून परातीत टाकत होती. क्षमा तिच्याजवळ उकिडवी बसली आणि तिनं सगळं एका दमात सांगितलं. धारवाड, जून, आपण होकार दिला, आधी सांगितलं नाही, आणि मग इतके दिवस मनात घोळवलेली आईची सगळी उत्तरं ऐकायला ती तयार होऊन बसली. एकटी कशी राहू. लोक काय म्हणतील. तुझ्या बाबांनी काय म्हटलं असतं. प्रत्येकाला तिच्याकडे जवाब होता. आईनं एक सांडगा मोडून वाळला की नाही ते बघितलं.

"धारवाडला नळाला पाणी येतं का गं?"

"माहीत नाही."

"विचारायचं नाही का?" आई म्हणाली. मग परात स्वतःकडे ओढत म्हणाली, "आधी सांगितलं असतंस तर यंदा दुप्पट घातले असते. आता आहेत त्यातलेच दोन डबे करायला हवेत."

आणि ती खरंच सांडगे दोन ढिगांत वाटू लागली, एक इकडे, एक तिकडे, मोडके आपल्या ढिगात. क्षमा बघत राहिली. तिला अडवणारं कुणी उरलं नव्हतं. आईनं तर कधी अडवलंच नव्हतं. आता रडायचं काहीच कारण नव्हतं, तरी तिचे डोळे भरून आले, आणि आईला दिसू नयेत म्हणून ती खाली वाकून मोडके सांडगे गोळा करू लागली.